वरूडवाली गोड बोलायची तेव्हा

वरूडवाली गोड बोलायला लागली की मला घाम फुटायचा.

एरवी तिच्या जिभेला हाड नव्हतं. 'नळाले पानी कवा येईन? आमी मेल्यावर?' असं घरमालकीणबाईंना तोंडावर विचारणारी ही बाई. भाजीवाल्याला अरेतुरे, रिक्षावाल्याला अरेतुरे, आणि मला तर काय विचारूच नका. पण तीच एखाद्या संध्याकाळी हळूच म्हणाली, 'आपण चहा घेणार का? आपल्याला त्रास तर नाही ना होणार?' की समजायचं, हिच्या रक्तातली साखर संपत आली. होती नव्हती ती सगळी जिभेवर येऊन बसायची मेली.

आम्ही दोघी अमरावतीच्या एकाच शाळेत शिकवायचो. ती गणित, मी मराठी. दोन खोल्यांचं बिऱ्हाड पाच वर्षं एकत्र केलं. माझं माहेर अकोल्याचं, ती वरूडची, म्हणून वरूडवाली. नववीत असताना तिला शुगर झाली. उतारवयात होते ती नव्हे, टाइप वन. ह्यात अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, दिवसातून चार वेळा टोचून घ्यावं लागतं. आणि टोचल्यावर वेळेत जेवलं नाही, तर साखर धाडकन खाली येते. हे तिने मला आधी सांगावं की नाही? नाही सांगितलं. मला कळलं ते एकदा मोरीत भरलेल्या बादलीला हात जोडून ती 'धन्यवाद हं, फार उपकार झाले' म्हणाली तेव्हा. मी पोट धरधरून हसले. मग ती भिंतीला टेकून खालीच बसली आणि मी घरमालकीणबाईंना हाका मारत सुटले. त्यांनी आपलं साखर मोजायचं मशीन तिच्या बोटाला लावलं, मग दोघींनी मिळून साखरपाणी पाजलं. तेही सुखाने प्यायली असती तर! 'नको, आधी आपण घ्या,' म्हणे. मरायला टेकलेली बाई पाहुणचार करत होती.

भानावर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर 'मले काही नाई झालं, तूच घाबरट हायेस.' मशीनवर आकडा आला होता अडतीस, सत्तरच्या खाली म्हणजेच धोका! मी तिला मशीन दाखवलं, तर म्हणते, 'मशीन खराब हाये.'

तिच्या बाबांची संत्र्याची बाग. बहाराच्या दिवसांत आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. मी आपलं भाबडेपणाने म्हटलं, तुझी साखर कमी झाली की संत्रं खात जा, घरचंच आहे. त्यावर ती खेकसली, 'संत्रं सोलून, शिरा काढून, बिया थुकेपर्यंत मानूस वर जाते! साखर पायजे, साखर!' मग साखरेच्या कागदी पुड्या आल्या. उशीखाली पुडी, खडूच्या डब्यात पुडी, आणि मला न विचारता माझ्या पर्समध्येही पुडी. सगळ्या पर्सला मुंग्या लागल्या. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांसमोर मी पेन काढलं, तर पेनाबरोबर मुंग्यांची रांग बाहेर आली. मी घरी येऊन आदळआपट केली. ती शांतपणे वह्या तपासत म्हणाली, 'मुंग्या चावल्या तं काय मरशीन? मी मरीन ना पुडी नसली तं.'

एवढं सगळं होतं, पण शाळेत कोणाला सांगेल तर शपथ. वर्गात तिने तोंडात साखर टाकली की मोठ्या बाईंना वाटायचं ही बडीशेप चघळते. दोनदा समजही दिली. ही मान खाली घालून ऐकून आली, पण खरं बोलली नाही. मी चिडले की म्हणायची, 'सांगतलं का मंग लोक दोनच कामं करतात. एक तं बिचारी म्हनतात, नाई तं कारल्याचा रस आनून देतात. मले दोनी पचत नाई.' तिसरंही एक कारण होतं. तिच्या आईने बजावलेलं होतं, लग्न ठरेपर्यंत ह्या कानाचं त्या कानाला कळता कामा नये. मास्तरीण झालेली, तीस वर्षांची घोडी, आणि आईसमोर उंदीर!

मग ते पुण्याचं स्थळ आलं. बघण्याचा कार्यक्रम अकोल्याला, तिच्या मावशीकडे. मला अर्थातच सोबत नेलं. लग्नानंतर तरी सांगशील का, असं मी बसमध्ये तिला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तिने कंडक्टरला 'अकोला कवा येईन' विचारलं.

पाहुणे बाराला जेवायलाच येणार होते. बारा वाजता त्यांचा फोन आला, पोचतोच, दहा मिनिटांत. म्हणून हिने आत जाऊन इन्सुलिन टोचून घेतलं. दहा मिनिटं! आले पाऊण वाजून गेल्यावर. आल्यावर तरी पानं घ्यायची? नाही. आधी पाणी, मग पेढे, मग कोण कोणाच्या मामेभावाचा साडू ते शोधणं. ती साडी नेसून पेढ्यांच्या ताटासमोर बसलेली.

मुलाच्या आईने विचारलं, 'शिकवायला आवडतं का गं?'

'आपण विचारलंत, फार बरं वाटलं,' वरूडवाली म्हणाली. 'आपला प्रवास सुखरूप झाला ना?'

बैठक खूश झाली. तिच्या आईचा चेहरा असा फुलला की काय सांगू. आणि मी? मी, जिला ह्या गोडव्याचा अर्थ जगात सगळ्यांत आधी कळायला हवा होता, ती मी मनात म्हणाले, शिकली एकदाची बोलायला! पुण्याच्या माणसांसाठी घोकून आली असेल. गाढव मी. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मग ती मुलाच्या आईकडे वळून म्हणाली, 'आपण गृहपाठ आणला नाहीत का? हरकत नाही, उद्या दाखवा.' सगळे हसले, मास्तरीणबाई विनोदी आहेत म्हणून. कूलरचा वारा थेट तिच्यावर येत होता आणि तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. ते दिसले आणि मी उठलेच. पर्समधली पुडी पेल्यात रिकामी केली, बोटानेच ढवळली आणि पेला तिच्या तोंडाला लावला. एक घोट गेला असेल नसेल, मावशीने पेला हिसकला.

'अव, येडी झाली काय व तू? तिले शुगर हाये! साखर काहून पाजून राहिली?'

मुलाच्या आईने हातातला पेढा परत ठेवला. जे गुपित सांभाळायला सगळं घर पंधरा वर्षं झटलं, ते मावशीने दोन शब्दांत पाहुण्यांच्या पुढ्यात ओतलं. मी ओरडले, 'मावशी, शुगर आहे हे रोगाचं नाव झालं! आत्ता तिच्या रक्तातली साखर संपलीय, द्या तो पेला!' मावशी देईना. बिचारी तिच्या परीने पोरीला वाचवत होती. ओढाताणीत पाणी सांडलं, आणि तेवढ्यात वरूडवालीची मान कलली आणि हातपाय झटके द्यायला लागले.

आता पाणी पाजून उपयोग नव्हता, ते छातीत गेलं असतं. तिला कुशीवर केलं, पर्समधली दुसरी पुडी फोडून ओल्या बोटाने गालाच्या आत साखर चोळत बसले. मुलाने काही न विचारता गाडी काढली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, 'काहून रडून राहिली व? मेली काय मी?'

इतकं उद्धट, इतकं सुंदर वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. पण राग तर होताच. म्हटलं, 'तुला कळलं नव्हतं का गं, साखर उतरतेय म्हणून?'

'कळलं होतं ना. हात लटलट कापून राहिले होते.'

'मग? समोर पेढ्यांचं ताट होतं! हात लांबवला असतास तरी पुरलं असतं!'

ती म्हणाली, 'आईनं सांगतलं होतं. पाव्हन्याइच्या पयले तोंडात काही टाकू नको. पोरीच्या जातीले बरं दिसत नाई.'

दारात तिची आई उभी होती. तिने ऐकलं. पदराने तोंड दाबून बाकावर जाऊन बसली. मला तेव्हा त्या बाईची दया आली नाही. भयंकर संताप आला होता, मावशीचा, आईचा, पुण्याच्या लोकांचा, माझा आणि सगळ्यांत जास्त ह्या शहाणीचा. पुढे पाहुण्यांचा निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर त्यांनीच आधी जुळवून पाठवली होती!

अमरावतीला परतल्यावर मी तिला म्हटलं, शाळेत सांग, नाहीतर मी सांगते. ती म्हणाली, 'मले मैत्रीन पायजे, चौकीदार नाई.' आठ दिवस आम्ही एका घरात राहून बोललो नाही. स्वयंपाक मात्र मी वेळेवर करत होते. तिने सांगितलं नाही ते नाहीच. वर्षभरात माझंच लग्न ठरलं आणि मी बिऱ्हाड सोडलं. निघताना माझा जीव तीळतीळ तुटत होता. आता ही गोड बोलली तर ऐकणारं कोण?

लग्न अकोल्यालाच होतं. वरूडवाली आली, तिची आईही आली. साडेबाराचा मुहूर्त, आणि दीड वाजला तरी नवरदेवाची वरात चौकातच नाचत होती. मी वरच्या खोलीत नटून बसलेली, खिडकीतून जेवणाचा मांडव दिसत होता. सगळ्या खुर्च्या रिकाम्या. आधी नवरदेवाकडच्यांची पंगत उठल्याशिवाय आमच्याकडे कोणी जेवत नाही. बघते तर वरूडवाली सरळ चालत आली आणि मधल्या खुर्चीवर बसली.

'वाढा मले.'

वाढपी म्हणाला, 'ताई, नवरदेवाची पंगत होऊ द्या ना.'

तेव्हा ती उभी राहिली, आणि फळ्यापासून मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाली, 'मले शुगर हाये! सुई टोचून झाली. आता खाल्लं नाई तं तुमच्याच मांडवात पडीन. वाढा!'

मांडवाच्या कडेला सतरंजीवर बसलेल्या बायकांच्या घोळक्यातल्या सगळ्या माना वळल्या. माझ्या सासरच्या दोघी आधीच येऊन बसल्या होत्या, त्यांनी तोंडाला हात लावले. आणि त्या घोळक्यातून तिची आई उठली. आता ही पोरीला दंडाला धरून उठवणार, मग मी अशीच, मुंडावळ्यांसकट, खाली धावणार होते.

आईने वाढप्याच्या हातातून वरणाची बादली घेतली. पोरीच्या पत्रावळीवर भात वाढला, वरण वाढलं, शेजारची खुर्ची ओढून बसली. मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात वाढप्याला म्हणाली, 'गरम पोया आन. माही पोरगी जेवून राहिली.'