ओक-बुनचा प्रश्न

इन-गुची सोलमधली नोकरी सुटली आणि तो घरी परत आला, तेव्हा वस्तीतल्या झाडून सगळ्यांनी त्याला एकच सल्ला दिला. तळलेल्या कोंबडीचं दुकान टाक. आमच्याकडे संगणकावर काम करणारा माणूस पंचेचाळिशीला आला की कंपनी त्याला फुलांचा गुच्छ देऊन घरी बसवते, आणि मग तो कोंबड्या तळायला लागतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

“ताई, मला कोंबडी तळता येत नाही,” तो मला म्हणाला.

“मला तरी कुठे काय येत होतं? नवरा गेला आणि सगळं आलं.”

माझी खाणावळ त्याच्या घरासमोरच. माकूल मासळीच्या पोटात भात-भाजी भरून वाफवायचा आणि चकत्या करून विकायचा, हा माझा तेव्हापासूनचा धंदा. इन-गुला मी शेंबडा असल्यापासून बघते आहे. हुशार, पण तोंडातून शब्द काढायचा तर जड जायचं त्याला. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली, त्याबद्दलसुद्धा तो जेमतेम एक वाक्य बोलला. मग बापाच्या पुढच्या खोलीत संगणक मांडला आणि दार ओढून घेतलं.

बाप म्हणजे तक अबाई. आमच्या बोलीत म्हाताऱ्या माणसाला अबाई म्हणतात. ही सगळी वस्तीच उत्तरेकडून लढाईत बोटींतून पळून आलेल्यांची. चार दिवसांनी परत जायचं म्हणून वाळूवर झोपड्या ठोकल्या, आणि मधे सरहद्दीची काटेरी तार पडली ती पडलीच. तक अबाई तेव्हा बारा वर्षांचा होता. हुंगनाम बंदराच्या धक्क्यावर त्या गर्दीत धाकट्या बहिणीचा, ओक-बुनचा हात त्याच्या हातातून सुटला. ती सहा वर्षांची. दुसऱ्या बोटीत कुणीतरी तिला उचलून घेतलं असणार, असं तो आयुष्यभर म्हणत आला. टीव्हीवर तिच्या नावाची पाटी धरून उभा राहिला, सरकारदरबारी नाव घातलं, नातं जुळवून बघायला रक्त दिलं. काही म्हणजे काही हाती लागलं नाही.

दर शरदात आमच्या जुन्या तालुक्याच्या लोकांचा मेळावा भरतो. दरवर्षी पाच-सहा माणसं कमी, आणि उरलेली तेच तेच बोलणार. इन-गुने त्या मेळाव्यासाठी एक साधं अॅप करायला घेतलं. प्रश्नमंजूषा. आपल्या खिंडीचं नाव काय, सिंहाच्या नाचात सिंहाला काय खाऊ घालायचे, सफरचंदं कोणत्या गावची गोड. प्रश्न माझ्याच टेबलांवर जमले. उत्तरांवरून म्हाताऱ्यांची अशी भांडणं लागली की मला दोनदा कढईतला झारा घेऊन मधे पडावं लागलं.

अक्षरं मोठी ठेवली. चार पर्याय, एकावर बोट ठेवायचं, बस्स. जाड्या, थरथरत्या बोटांना टाइप कुठून जमणार? उत्तर बरोबर आलं की पडदा हिरवा व्हायचा आणि तक अबाईचा आवाज म्हणायचा, “शाब्बास रे वाघा!” चुकलं की लाल, आणि “अरे गाढवा, कुणाच्या पोटचा तू?” हा आवाज इन-गुने बापाला बसवून भरून घेतला होता. या वयात गाढव म्हणवून घ्यावं लागतं म्हणून बायकांनी तक्रार केली, आणि मुद्दाम चुकून परत परत ऐकलं. आधी त्यात खेळणाऱ्याचा फोन नंबरही विचारला होता. एकीनेही दिला नाही. फोनवरून लुबाडणारे इतके झालेत की कुठेही नंबर द्यायचा नाही, अशी प्रत्येकीच्या मुलांनी तंबीच दिलेली. इन-गुने तो रकाना काढून टाकला.

अॅप कसं चालतं ते अबाईने नीट बघून घेतलं. मग विचारलं, “हे कुणाकुणाच्या फोनात जातं?”

“जो घेईल त्याच्या.”

“मग माझाही एक प्रश्न घाल. आमच्या घरच्या कुत्र्याचं नाव काय? ओक-बुनला सांगता येईल.”

इन-गुने मान खाली घातली आणि प्रश्न घातला. चार नावं, त्यात एक खरं, बोक्सुल. ज्याला बरोबर येईल त्याला पडद्यावर अबाईचा फोन नंबर दिसेल अशी सोय केली. मला तेव्हाच खटकलं होतं. चारातलं एक तर माझी मांजरसुद्धा दाबील. पण म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून मी गप्प बसले.

वसंतात उल्सानहून फोन आला. बांग सुन-रे नावाची बाई, ओक-बुनच्याच वयाची. अनाथालयात वाढलेली, नावसुद्धा तिथेच ठेवलेलं. नातीला घेऊन ती आली. अबाईने नवा शर्ट घातला होता, त्याच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. माझ्याच खाणावळीत बसली दोघं. कितीतरी वेळ त्याने तिचा हात धरून ठेवला.

“बोक्सुल आठवतो तुला?” त्याने विचारलं. “त्याचा कान कुणी फाडला होता?”

सुन-रे म्हणाली, “दादा, मी खरं सांगू? मला काहीच आठवत नव्हतं. मी एक नाव दाबलं. ते हिरवं झालं, आणि तुम्ही शाब्बास म्हणालात. मला वाटलं, आठवलं. तेव्हापासून मला रोज तो कुत्रा दिसतोय.”

ती खोटं बोलत नव्हती. तीही आयुष्यभर कुणालातरी शोधतच होती. रक्ताची तपासणी केली, ती जुळली नाही. निकाल ऐकून जाताना तिने अबाईला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, तुम्ही माझे कुणी नसलात तरी दादाच म्हणेन. मला इतका राग आला, कुणाचा ते मात्र कळेना. त्या दिवशी मी भांडी आपटत होते.

आठवड्याने अबाई इन-गुच्या खोलीत जाऊन उभा राहिला. “पर्याय काढ.”

“बाबा, मग लोकांना लिहावं लागेल.”

“लिहितील. आणि प्रश्न बदल. धक्क्यावर हात सुटायच्या आधी मी तुला काय म्हणालो?”

“बरं. उत्तर सांगा, आत भरतो.”

“उत्तर भरायचं नाही. यंत्रात गेलं की हिरवं होतं, आणि हिरवं झालं की माणसाला आठवतं. उत्तर माझ्या फोनवर येऊ दे. मी वाचीन, मी ठरवीन.”

“निदान मला तरी सांगून ठेवा.”

“तुला कशाला?” अबाई एकदम ओरडला. रस्त्यापलीकडून मला ऐकू आलं. “आईला सांगितलं नाही तुझ्या, तुला सांगू?”

तेव्हा मला वाटलं, याने त्या पोरीला धक्क्यावर काहीतरी नको ते बोललेलं असणार. बारा वर्षांचा पोर, थंडी, उपाशी पोट, आणि पाठीला लागलेली रडकी बहीण. माणूस काय वाटेल ते बोलून जातो. त्याला मी कधी विचारलं नाही.

इन-गुने सांगितलं तसं केलं. अबाईच्या फोनवर उत्तर यायचं, खाली हिरवं आणि लाल अशी दोन बटणं. हिरवं दाबलं तरच पलीकडे नंबर दिसणार. लाल दाबलं की इथे आणि पलीकडे, दोन्हीकडे गाढव ऐकू यायचं आणि इथलं उत्तर पुसलं जायचं. लोकांच्या मनातलं आपण साठवायचं नाही, हीही अबाईचीच अट.

उत्तरं आली. इथेच थांब, मी आलोच. रडू नकोस. माझा सदरा धर. अबाई प्रत्येक वाचायचा, डोळे मिटायचा आणि लाल दाबायचा. हळूहळू मेळावा बारकासा झाला, मग बंदच पडला. इन-गु मच्छीबाजारातल्या बर्फाच्या कारखान्यात कामाला लागला. एवढ्या एका प्रश्नासाठी त्याने अॅप चालू ठेवलं होतं. फोन दर वर्षी नवे निघायचे, तेवढ्यासाठी त्याला दर वर्षी ते दुरुस्त करावं लागायचं. महिना-दोन महिन्यांत एखादं उत्तर यायचं.

परवाच्या हिवाळ्यात, दुपारी, दोघं माझ्याकडे सूप पीत बसले होते. अबाई आता पाव वाटीत थकायचा. फोन वाजला. त्याने तो हातात घेतला आणि लगेच लाल दाबलं. फोनमधून त्याचाच जुना खणखणीत आवाज आला, “अरे गाढवा, कुणाच्या पोटचा तू?” अबाई खुदकन हसला.

“हा कोण आहे रे?” त्याने इन-गुला विचारलं. “आपल्याकडचा वाटतो बोलण्यावरून.”

इन-गुचा चमचा हातातच राहिला. “बाबा, उत्तर वाचलंत तुम्ही?”

“कसलं उत्तर?”

“आत्ता आलं ते. काय लिहिलं होतं?”

“लांबलचक होतं काहीतरी. मी लाल दाबतो. लाल दाबलं की हा बोलतो.”

“किती दिवस असं दाबताय?” मीच विचारलं. आवाज चढला माझा. अबाई माझ्याकडे घाबरून बघायला लागला. इन-गुने त्याच्या हातातून फोन घेतला, वर-खाली सरकवला. त्यात काहीच नव्हतं. कुणी लिहिलं, कुठून लिहिलं, कशाचाच पत्ता नाही. त्यानेच तसं बांधलं होतं.

“बाबा,” तो अगदी हळू म्हणाला, “धक्क्यावर तुम्ही काय म्हणाला होतात? आता तरी सांगा.”

अबाईने कपाळाला आठ्या घातल्या. खूप प्रयत्न केला बिचाऱ्याने. ओठ दोनदा हलले. मग सोडून दिलं आणि सूपाची वाटी जवळ ओढली.

“मला कुठलं आठवतंय आता,” तो म्हणाला. “ओक-बुनला विचार. तिच्या लक्षात असेल.”