मागवली तेवढीच बातमी

बाबूसिंग राठोडची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा कनेरगाव नाक्यावरची सगळी वाहतूक थांबली होती, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. फक्त शपथ कोणाची घ्यायची ते ठरत नाही. मी वाशीमहून हिंगोलीकडे निघालो होतो. चार्जरची वायर तुटली म्हणून नाक्यावर उतरलो, आणि तेवढ्यात पत्र्याच्या एका दुकानातून असा आवाज आला की समोरच्या ढाब्यावर तंदूरला चिकटलेल्या रोट्या आपोआप सुटून खाली पडल्या, दोन ट्रकवाल्यांनी मागून हॉर्न आला समजून बाजू दिली आणि तारेवरचे कावळे जिल्ह्याची हद्द ओलांडून थेट विदर्भात गेले. आत खून पडतो आहे अशी माझी खात्री झाली. धीर करून डोकावलो तर एक किडकिडीत, चाळिशीचा माणूस मोबाईल तळहातावर भाकरीसारखा धरून त्यावर ओरडत होता, “विष्णुपंत, नमस्कार! आज कोनीच गेलं न्हाई!”

मग त्यानं फोन खाली ठेवला आणि एकदम मवाळ आवाजात मला विचारलं, “बोला सर. कोनती बातमी पाहिजे?”

“मला चार्जर पाहिजे.”

“चार्जर भेटंल. बातमी कोनती?”

बाबूसिंगचा धंदा म्हणायला मोबाईलच्या रिचार्जचा होता. कव्हर, इअरफोन, काचा. पण त्याच्याकडून रिचार्ज करणाऱ्याला रोज सकाळी व्हॉट्सॲपवर एक बातमीपत्र यायचं, बाबूसिंगच्या स्वतःच्या आवाजात, आणि तेही प्रत्येकाला वेगळं. ज्यानं जे मागवलं तेच त्याला.

“टीव्हीवाले पंगतीसारखं वाढतात,” तो मला समजावत होता. “एकानं बुंदीचं टोपलं घेऊन पळायचं, दुसऱ्यानं भाताचं. कुनाला साखर आहे, कुनाला दात न्हाई, कोन पाहतं? आमी ताट पाहून वाढतो.”

नर्सी नामदेवचे विष्णुपंत जन्मभर देवळाच्या सेवेत होते. त्यांना फक्त मयतांच्या बातम्या लागत. राजकारण नको, पाऊस नको. कोण गेलं तेवढं सांग. कोणी गेलं नसेल तर त्यांचा दिवस थोडा सुना जाई. समोरच्या ढाब्याच्या संतरामला रस्ता कुठे तुंबला तेवढंच हवं असे, कारण रस्ता तुंबला की भाजी जास्त लागते. नीलाबाईंची हळद घरात पडून होती. त्यांची मागणी अशी की भाव चढला तरच सांगायचा, उतरला तर गप्प बसायचं. मध्ये कितीतरी दिवस बाबूसिंग त्यांना नुसतं “नीलाबाई, राम राम” एवढंच म्हणायचा, आणि नीलाबाई ते ऐकून कपाळाला हात लावायच्या.

या मागण्या त्यानं कुठे लिहून ठेवल्या नव्हत्या. फोनमध्ये माणसाचं नावच तसं साठवायचं: ‘विष्णुपंत मयत’, ‘संतराम ट्रॅफिक’, ‘नीलाबाई चढली तर’. मी जरा हसू येईल असं काहीतरी मागितलं, म्हणून मी त्या दिवसापासून ‘सर गंमत’ झालो. तेव्हापासून हिंगोलीला जाता-येता मी त्याच्याकडे चहाला थांबू लागलो.

या धंद्यात त्याचा धर्म एकच होता. मागवलं ते द्यायचं, न मागवलेलं द्यायचं नाही. तो धर्म इतका कडक, की एकदा संतरामच्याच ढाब्यामागच्या कडब्याला आग लागली आणि बाबूसिंगनं त्याला सांगितलं नाही. “त्येनं रस्त्याचं मागवलं होतं,” तो म्हणाला. “कडबा रस्त्यावर न्हवता.”

याच धर्मानं त्याचं घर मोडलं.

त्याची बायको शिला. नाक्यापासून थोड्या अंतरावर त्यांचा तांडा; मी एकदोनदा जेवलो आहे तिच्या हातचं. बोलायला तिखट, वाढायला सढळ. शाळा अर्धवट सुटली होती म्हणून तिनं तिशीत बाहेरून दहावीचा अर्ज भरला. ही गोष्ट घरात फक्त बाबूसिंगला ठाऊक. सासूला सांगितलं होतं की बचत गटाच्या मीटिंगला जाते, आणि बाबूसिंगला बजावलं होतं की कोणाला सांगायचं नाही. परीक्षा झाली, निकाल लागला, आणि शिला गणितात गेली. त्या दिवशी बाबूसिंगनं तिची समजूत काढली, चहासुद्धा स्वतः केला. माणूस मनानं वाईट नव्हताच.

पण पुण्याला कंपनीत काम करणाऱ्या त्याच्या चुलतभावाची, रामसिंगची, मागणी होती, ‘तांड्यातलं सगळं’. गाय व्याली, बोअरला पाणी लागलं, कोणाच्या घरी पाहुणे आले, सगळं. दुसऱ्या दिवशी बाबूसिंगनं त्याला सगळं सांगितलं. त्यात गायीनंतर आणि बोअरच्या आधी हेही सांगितलं, की शिलाबाई राठोड दहावीला गणितात नापास. रामसिंगनं ते तांड्याच्या ग्रुपवर टाकलं. दुपारपर्यंत पाणवठ्यावरच्या पोरी शिलाला बेरजा विचारू लागल्या.

“काहून सांगितलं तुमी?” शिलानं विचारलं.

“त्येनं सगळं मागवलं होतं.”

“आन् मी काय मागवलं होतं?”

“तू कुठं काय मागवलं होतं?” बाबूसिंग म्हणाला. त्याला खरंच आठवत नव्हतं. संध्याकाळच्या गाडीनं शिला पुसेगावाकडे, माहेरच्या तांड्यावर निघून गेली.

आठवडाभरानं तिच्या नंबरवरून रिचार्जचे पैसे आले. त्यासोबत मागणी: हवामान आणि हळदीचा भाव. घरची बातमी नको. आणि मराठीत पाहिजे, आपल्या तांड्याच्या बोलीत नको.

बाबूसिंगनं मला ते दाखवलं तेव्हा त्याचा आवाज बसलेला होता, म्हणजे आपल्यासारख्या माणसाचा असतो तेवढा झाला होता. “बोली बी नको म्हणती,” तो म्हणाला. फोनमध्ये त्यानं ‘घरवाली’ खोडून ‘शिला हवामान हळद’ केलं.

मग रोज सकाळी हा गृहस्थ घसा साफ करून, शाळेतल्या पाहुण्यासारखा उभा राहून, आपल्या बायकोला सांगू लागला, “शिलाबाई, नमस्कार. पुसेगाव परिसरात आकाश निरभ्र राहील. हिंगोलीत हळद जागेवर आहे.” बाकीची बातमीपत्रं तो एका दमात उरकायचा. हे मात्र पुन्हा पुन्हा करायचा. ‘निरभ्र’ जमेना म्हणून नव्हे. ‘नमस्कार’ म्हणताना त्याचा सूर दर वेळी घरच्यासारखा लागायचा, आणि ते मागवलेलं नव्हतं.

“अरे, सरळ म्हण ना, ये म्हणून,” मी म्हणालो.

“तिनं मागवलं न्हाई सर.”

“बायको आहे ती तुझी!”

“आधी गिऱ्हाईक आहे.”

दिवस थंडीचे आले. एका सकाळी त्याला पळवाट सापडली. शिलानं हवामान मागवलं होतं, पण कुठलं ते कुठं म्हटलं होतं? त्या दिवशी त्यानं पुसेगावानंतर कनेरगावचंही हवामान दिलं. मी समोरच होतो. “कनेरगाव नाक्यावर पहाटे धुकं पडून राहिलं. गारवा लई आहे. चहा कपात ओतला की थंड होऊन राहिला. एकट्याचा चहा लवकर थंड होतो, असा अंदाज आहे.”

पाठवून झाल्यावर तो दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. आत उत्तर आलं ते मीच त्याला नेऊन दाखवलं. शिलानं लिहिलं होतं, ‘चहा मी मागवला नव्हता.’

मला ते वाचून आनंद झाला. मी म्हणालो, “बाबूसिंग, अरे, बोलली ती!” पण त्याचा चेहरा पडला होता. दिवसभर त्यानं दुकानात काय केलं कोण जाणे. संध्याकाळी त्यानं शिलाला माफी पाठवली, आणि ती मलाही ऐकवली: “शिलाबाई, सकाळच्या चुकीबद्दल क्षमा असावी. यापुढे चहा येणार न्हाई.”

माघातल्या एकादशीला मला शिला नर्सीला भेटली. मी देवळासमोरच्या दुकानात फुटाणे घेत होतो. ती दर्शनाहून आली, पाया पडते म्हणाली, आणि उभ्याउभ्याच विचारलं, “जेवतात का वेळेवर?”

“तुला घरची बातमी नको ना?” मी म्हणालो.

ती हसली. मग पदर सारखा करत म्हणाली, “सर, तो चहा आला ना त्या दिवशी, मी हसू हसू मेले. भावजय म्हणली, येड लागलं का हिला. पिशवी काढली होती मी खाली. खरंच काढली होती. म्हणलं, आता दुपारी फोन येईल, चल म्हणतील.” तिनं माझ्या पुडीतले दोन फुटाणे उचलले, पण तोंडात टाकले नाहीत. “संध्याकाळी माफी आली.”

“मग तूच म्हण ना, चला म्हणून.”

“मी मागवायचं आन् त्यांनी द्यायचं? तसं तर ते दुनियेला देऊन राहिलेत. मला न मागता पाहिजे सर.”

मी तसाच गाडीला टांग मारून कनेरगावला गेलो आणि बाबूसिंगला शब्दन् शब्द सांगितला. पिशवीचंही सांगितलं. तो ऐकताना रडला. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला “काच उद्या लावतो” म्हणून परत पाठवलं आणि पुन्हा रडला.

“आता कळलं?” मी विचारलं.

“कळलं सर. सगळं कळलं. आमचं चुकलं.” त्यानं डोळे पुसले, फोन उचलला आणि म्हणाला, “आत्ताच पाठवतो. तुमच्यासमोर.”

मी बाहेर जाऊन बसलो. नवराबायकोच्या बोलण्यात आपण कशाला? मग तो बाहेर आला, चेहरा असा उजळलेला की जणू शिला बसमधून उतरलीच. फोन माझ्यापुढे धरला. त्यानं टाईप केलं होतं:

‘प्रिय शिलाबाई. आपल्या सेवेत बदल. घरची बातमी हवी असल्यास एक दाबा. नको असल्यास दोन दाबा. चहासह हवी असल्यास तीन दाबा.’

“तीन नंबरचं कसं वाटलं सर?” त्यानं विचारलं.

मी संतरामच्या ढाब्यावरून दोन चहा मागवले. आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. तो मधूनच म्हणायचा, “तीनच दाबंल. तुमी पाहा.” ट्रक जात होते, उन्हं कलत होती, आणि इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस एका अंकाची वाट बघत श्वाससुद्धा हळू घेत होता. त्याच्या आईनं तांड्यावरून जेवायला बोलावणं पाठवलं. “याडी, थांब जरा,” तो फोनवर म्हणाला, “सून येऊन राहिली.”

अंधार पडायच्या आधी उत्तर आलं. दोन.

पावसाळ्यानंतर हिंगोलीच्या कोर्टात दोघांची फारकत झाली. शिलानं नंबर बदलला.