तीन घंट्या

औंढ्याहून बाळापूरला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारा मेंढपाळ होता. मांडीवर भाकरीचं फडकं, मुठीत मोबाइल. फोन वाजला, तरी तो नुसता बोटांवर मोजत राहिला. दुसऱ्याच्या कामात हात घालायची मला खोडच. उचलता येत नसेल म्हणून हात पुढं केला, तर त्यानं माझं मनगटच धरलं.

“उचलू नका, सायब! पोरगं जहाजावर आचारी हाय. समुद्रातून बोलायला लई पैसे कटतेत. तीन डाव वाजून बंद झालं, म्हंजी लेकरू खुशाल. आज आठ दिवसांनी वाजून राहिलं.”

तिसऱ्या घंटीला फोन थांबला. त्याचे खांदे सैल पडले.

“येळेवर जेव रे बाबा,” तो बंद फोन कानाला लावून म्हणाला. मग सकाळपासून तशीच राहिलेली भाकर फडक्यातून काढून त्यानं अर्धी माझ्या हातावर ठेवली.