समोरच्या बिल्डिंगमधली चेटकीण

वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत मी बरीच वर्षं शिकवणी घेत होते. मग समोरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर ती राहायला आली. चिपळूणकडची, चाळिशीची, एकटी. तिनेही शिकवणी सुरू केली आणि दिवाळीपर्यंत माझी निम्मी मुलं तिच्याकडे गेली. भाजी निवडताना मला खिडकीतून तिच्या दारातल्या चपला दिसायच्या. ही माझ्याकडे यायच्या त्या चौथीतल्या मुलीची, ती एका मस्तीखोर पोराची. माझ्याकडे तो कधी वेळेवर आला नाही. तिच्याकडे पळत जायचा. शिकवून झालं की ती मुलांना खोबऱ्याची वडी द्यायची. मीही एकदा करून बघितली. पाक बिघडला. मुलं म्हणाली, "टीचर, दाताला चिकटते."

मार्चमध्ये, परीक्षेच्या तोंडावर, तिच्या वर्गात एक मुलगी चक्कर येऊन पडली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी. मग घरी बसलेल्या मुलांनाही गरगरायला लागलं. बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी वडीची चर्चा झाली, मग ती एकटी का राहते याची, मग अमावास्येची. शेवटी कुणीतरी "करणी" लिहिलं आणि सगळ्यांना तेच पटलं. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण तिच्या दारात चपला दिसेनाशा झाल्या, तेव्हा मला बरं वाटलं.

रविवारी तिला सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं. खोली गच्च भरलेली. इस्त्रीची सुती साडी नेसून ती दाराशी ताठ उभी होती.

"मी काय केलंय ते तरी सांगा," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा कापला नाही. माझा कापला असता. मला त्याचाही हेवा वाटला.

पहिल्यांदा पडलेल्या मुलीची आई माझ्याकडे वळली. "टीचर, तुम्हीच सांगा. तुमची मुलं एकदम कशी फिरली? हिने काहीतरी केल्याशिवाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वर्षभरात पहिल्यांदाच मला कुणी काही विचारत होतं. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"ती माझ्यापेक्षा चांगलं शिकवते, म्हणून गेली," मी म्हणाले. "त्यात करणी कसली? आणि अहो, एखाद्या बाईला असं चेटकीण ठरवणं गुन्हा आहे. उद्या ती पोलिसात गेली तर? मुलीला डॉक्टरला दाखवलंत का?"

दाखवलं नव्हतं. मीठ-मोहऱ्या उतरवल्या होत्या.

नौपाड्यातल्या डॉक्टरांनी तपासलं. पोरीच्या अंगात रक्त कमी, त्यात शाळेतून येऊन उपाशीपोटी शिकवणीला बसायची. बाकीच्यांना तिला पडलेलं बघून आणि घरातलं बोलणं ऐकून भीतीनेच गरगरत होतं. ग्रुपवर मग पाण्याच्या टँकरचे मेसेज सुरू झाले. माफी कुणी मागितली नाही.

जूनमध्ये मुलं परत गेली. माझ्याकडे नाही, तिच्याकडे. त्या आईनेही आपली मुलगी पाठवली आणि तिने घेतली.

भाजीवाल्यापाशी भेटली तेव्हा मी म्हटलं, "तुझ्या जागी मी असते तर त्या बाईला दारात उभं केलं नसतं."

"पोरीचा काय दोष, ताई?" ती म्हणाली आणि मेथीची जुडी उलटसुलट करून बघू लागली.

तिचं हे वागणंसुद्धा मला सहन झालं नाही. अजून होत नाही.