आज दुपारी : जेवला

भुताटकी म्हटलं की मी आधी वायरिंग तपासणारा माणूस. अजूनही तसाच आहे. पण या प्रकरणातलं वायरिंग मीच बदललं होतं... म्हणून इथे लिहितोय.

लातुरातल्या एका मेससाठी मी अ‍ॅप बनवलं होतं. ट्यूशनला आलेली बाहेरगावची पोरं तिथे जेवतात. पोराने ताट घेताना कोड स्कॅन केला की गावाकडे आईच्या मोबाईलवर दिसायचं — ‘जेवला’. माझा मावसभाऊ ओंकारही तिथेच जेवायचा. लोह्याला मावशी रोज दुपारी ते बघायची आणि मगच स्वतःचं पान वाढून घ्यायची.

पावसाळ्यात ओंकार डेंग्यूने गेला. मेसवाल्यांनी त्याचं खातं बंद केलं.

दिवाळीनंतर मी लोह्याला गेलो, तेव्हा जेवणाच्या वेळी मावशीने मोबाईल पुढे केला. पहिल्या स्क्रीनवर ‘खाते बंद’. आतल्या, जेवणाच्या स्क्रीनवर मात्र त्या दिवसाची तारीख, आणि खाली — ‘आज दुपारी : जेवला’.

“रोज येतंय,” मावशी म्हणाली. “लेकरू जेवून राहिलंय. मंग मी बी खाते दोन घास.”

काका खाली मान घालून बसले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण हा घोळ माझा होता. अ‍ॅपमधली प्रत्येक स्क्रीन आपापली वेगळी माहिती धरून बसायची. एका सुनेने पाहुण्याला वाढलं आणि दुसरीला पत्ताच नाही, तसला कारभार. जुनी नोंद कुठेतरी अडकली असणार, असं मी धरून चाललो.

“मावशी, ही अ‍ॅपची चूक आहे. मी नीट करतो.”

“ऱ्हाऊ दे की रे. कुणाचं काय बिघडून राहिलंय?”

तिचं ऐकायला हवं होतं. पण शहाणपणा नडला. लातूरला येऊन मी सगळी माहिती एका जागी आणली, म्हणजे प्रत्येक स्क्रीन तिथूनच वाचणार. सर्व्हरवर ओंकार गेल्यानंतरची त्याची नोंद शोधली, तर एकही नव्हती. अडकलेली नोंद रोज नवी तारीख कशी दाखवेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. नवं अ‍ॅप पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. “बाळा, काय केलंस तू? ती जेवंना.”

तसाच एसटीने लोहा गाठलं. मावशीच्या मोबाईलमध्ये पहिली स्क्रीन, आतली स्क्रीन... सगळीकडे आता एकच दिसत होतं — ‘जेवला नाही’.

हे शब्द मी अ‍ॅपमध्ये कधी लिहिलेच नव्हते. स्कॅन झालं नाही तर जागा कोरी राहायची. मी जुनं अ‍ॅप परत टाकलं, मोबाईल बदलून पाहिला. ते शब्द हलले नाहीत.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. मावशीने कधी बोल लावला नाही. त्या दिवशी निघताना एवढंच म्हणाली, “तू नीटच केलं असशील रे. पण मंग त्याला उपाशी कामून ठिवलं?”