ट्रॅक्टर बाबांनी निवडला

बाबांनी ट्रॅक्टरचा विषय काढला तेव्हा मी जेवत होतो आणि मला ठसकाच लागला. बोरिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, जिना चढताना दोनदा थांबणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला ट्रॅक्टर कशाला हवा, असं मी विचारलं. त्यांना ऐकू गेलं नाही. तेच मी ओरडून विचारलं, तर समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडलं. बाबांचे कान गेल्यापासून आमच्या घरातली कुठलीच गोष्ट घरात राहत नाही.

बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते. पस्तीस वर्षं प्रेस मशीनच्या शेजारी उभं राहून त्यांनी कान घालवले. कानाचं यंत्र मी आणून दिलं होतं, ते कपाटात आईच्या बांगड्यांच्या डब्याशेजारी पडलेलं असायचं. "कानात माशी शिरल्यासारखं होतं," एवढं बोलून त्यांनी तो विषय संपवला होता.

निवृत्त झाल्यावर गावची आपली वाटणी त्यांनी धाकट्या भावाला देऊन टाकली आणि खाडीपलीकडे गोराईला पाऊण एकराची वाडी घेतली. कोकणातल्या माणसाला पायाखाली माती लागतेच, गाव दूर पडतं तर जवळ बघू, असा त्यांचा हिशेब. वाडीत नारळाच्या दोन रांगा, तीन चिकू आणि मधल्या पट्ट्यात पावसाळ्यात भात, थंडीत वाल आणि वांगी. नांगरट गावातला एक जण पॉवर टिलर आणून करून द्यायचा. त्याने आपल्या जमिनीवर हिरवळ लावून ती लग्नांना आणि सहलींना भाड्याने द्यायला सुरुवात केली, टिलर विकला, आणि आमची वाडी दोन वर्षं पडीक राहिली. कमरेइतकं गवत वाढलं. जमिनीचे एजंट मला फोन करू लागले.

मला शेतीचं काडीचं प्रेम नाही, हे मी लपवून ठेवलेलं नव्हतं. बाबांना झेपेनासं झालं की वाडी काढून टाकू, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "कान गेले, गुडघे गेले. हात चालतायत ना? हात चालतायत तोवर वाडी विकायची नाय." ट्रॅक्टर हे त्या उत्तराचंच पुढचं वाक्य होतं. छोटा ट्रॅक्टर घेतला की बसून नांगरता येईल, गुडघ्यांना त्रास नाही, कुणाच्या पाया पडायला नको.

मग त्या ट्रॅक्टरने आमच्या घराचा ताबा घेतला. बाबा शर्टाच्या खिशात स्टीलची फूटपट्टी घेऊन बोटीने गोराईला जायचे आणि वाडीचं फाटक, दोन नारळांमधलं अंतर, वळणावरच्या कुंपणाच्या भिंती असं सगळं मोजून यायचे. एका सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांनी खडूने ट्रॅक्टरची चारही चाकं आखली आणि मला मधोमध उभं केलं. नारळाच्या जागी त्यांनी पाण्याचे कॅन मांडले होते. मी स्टिअरिंग धरल्यासारखे हात करून, पुढे मागे होत, कॅनमधून वळत होतो आणि बाबा ओरडत होते, "मागचं चाक बघ रे, मागचं!" सेक्रेटरी गॅलरीतून बघत होते. माझी तर वाट लागली होती, पण खरं सांगायचं तर त्या सकाळी मला मजा आली. बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघं मिळून काहीतरी करत होतो.

बाबांनी हेरून ठेवलेल्या चारपैकी दोन ट्रॅक्टर रुंदीवरून बाद झाले. उरलेले दोन बघायला वसईच्या पुढे हायवेवरच्या शोरूमला गेलो. तिथला सेल्समन पहिल्यापासून माझ्याशीच बोलत राहिला. बाबांशी दोनदा बोलून पाहिलं, उत्तर आलं नाही, तेव्हा त्याने त्यांना सोडूनच दिलं. हॉर्सपॉवर, रोटाव्हेटर, डिझेल किती पितो, सर्व्हिस कधी, सगळं मला. मला त्यातलं काही कळत नव्हतं. ज्याला कळत होतं तो माणूस ट्रॅक्टरभोवती फिरून एकेक बोल्ट चाचपत होता.

मग बाबांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. लाकडी मुठीचा, हातभर लांब, कारखान्यातला. चालू इंजिनावर त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. जुने फिटर असंच मशीन तपासायचे. आत बेअरिंग झिजलं असेल, काही सैल झालं असेल, तर ते पात्यातून वर येतं. कान गेल्यावरही बाबांचं हे चालू होतं, कारण कानापेक्षा त्यांची जास्त भिस्त तळहातावर होती. आमचा मिक्सर, शेजाऱ्यांचा पंप, खालच्या पिठाच्या गिरणीची मोटर, सगळ्यांना त्यांनी हा स्क्रूड्रायव्हर लावलेला होता आणि त्यांचं निदान कधी चुकलं नव्हतं. "कान फसवतो," म्हणायचे, "हात नाय फसवत."

पहिला ट्रॅक्टर त्यांनी अर्ध्या मिनिटात नाकारला. आत काहीतरी खडखडतंय म्हणाले. सेल्समनने माझ्याकडे बघून खांदे उडवले.

दुसरा त्याने चालू केला. बाबा पलीकडच्या बाजूला गेले, चष्मा पुसला, वाकून योग्य जागा शोधू लागले. तेवढ्यात सेल्समनचा फोन वाजला. आवाजात बोलता येईना म्हणून त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि फोन कानाला लावला. बाबांची त्याच्याकडे पाठ होती. त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानामागे धरली आणि डोळे मिटले.

बंद इंजिनाला स्क्रूड्रायव्हर लावून माझे वडील उभे होते. सेल्समनचं बोलणं संपलं, त्यालाही ते दिसलं, आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा बराच वेळ तसेच राहिले. मूठ थोडी सरकवली, टोक दुसरीकडे टेकवलं. मग त्यांनी डोळे उघडले आणि थेट माझ्याकडे पाहिलं. काहीतरी विचारत असल्यासारखं.

सांगायला किती वेळ लागला असता? हाताने नुसती खूण केली असती तरी चाललं असतं. पण त्यासाठी त्या हसणाऱ्या माणसासमोर माझ्या बापाला काय कळलं नाही ते दाखवावं लागलं असतं. शिवाय पाच वाजले होते, परतीचं ट्रॅफिक डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि मला ते एकदाचं उरकायचं होतं. मी मान डोलावली. अंगठा वर करून दाखवला. झकास.

बाबांनी स्क्रूड्रायव्हर पिशवीत ठेवला. "घे मग," म्हणाले.

ट्रॅक्टर भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने टेम्पोतून वाडीत आला. आईने त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मी बाबांना म्हटलं, बसा. ते म्हणाले, "तू बस." मला वाटलं, पहिला मान मुलाला. पण दुसऱ्या रविवारीही तेच, तिसऱ्यालाही तेच. ते एकदाही त्या सीटवर बसले नाहीत. चिकूखाली खुर्ची टाकून, हात काखेत धरून, लांबूनच बघत राहायचे. जवळसुद्धा यायचे नाहीत. मला संताप यायचा. हौस यांची, आणि दर रविवारी सकाळी बोट पकडून धूळ खाणार मी! एकदा आईजवळ बोललोही, की लहान मुलासारखं झालंय यांचं, खेळणं आणेपर्यंत रडायचं आणि आणलं की ढुंकून बघायचं नाही.

घरातही त्यांनी हात आखडता घेतला. न्हाणीघरातला नळ दोन महिने टपकत होता. आईने शेवटी प्लंबर बोलावला, तेव्हा बाबा पेपर वाचत बसले. आमच्या घरात त्याआधी प्लंबर कधी आलेला नव्हता. इस्त्री बिघडली ती टाकून दिली. मिक्सर कुंथायला लागला तरी त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला नाही. हळूहळू हातांना कंप सुटला. चहा बशीत सांडायला लागला, तशी आई कप अर्धाच भरू लागली. वय झालं, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. दुसरं काही असेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

अशी दोन वर्षं गेली. यंदा वालासाठी जमीन करायला घेतली आणि ट्रॅक्टरमधून ठकठक यायला लागली. भाईंदरहून मेकॅनिक बोलावला. त्याने झाकण उघडलं, बोट आत घालून पाहिलं आणि सांगितलं, बेअरिंग गेलंय, इंजिन खोलावं लागेल. हे पहिल्यापासूनच थोडं सैल असणार, असंही म्हणाला.

माझं डोकं फिरलं. दोन वर्षांच्या रविवारांचा राग होता तो. बाबा खुर्चीवर होते, तिथे जाऊन मी ओरडलो, "हा तुम्ही निवडलात! शोरूमचा माणूस सांगत होता ते सोडून तुमचा स्क्रूड्रायव्हर खरा!"

"मी बघितला तेव्हा..." बाबांनी सुरुवात केली.

"काय बघितलंत? इंजिन बंद होतं तेव्हा! बंद इंजिनाला लावून उभे होतात तुम्ही!"

मेकॅनिक खाली वाकून पाने-पकडी आवरू लागला. एवढ्या मोठ्याने बोललो होतो, की त्यांना ऐकू गेलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. मला वाटलं, ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"बंद होता?" बाबा म्हणाले.

मी मान डोलावली. दोन वर्षांपूर्वी डोलावली होती तशीच.

त्यांनी काखेतले हात बाहेर काढले आणि मांडीवर उताणे ठेवले. तळव्यांकडे बघत राहिले. मनापासून दुखलं की ते मालवणीत बोलतात, तसं बोलू लागले. "हाताक काय लागना नाय होता. म्हणान तुझ्याकडे बघितलंय. तू म्हणालंस, चालू आसा. माका वाटला, हात पण गेलो." जरा थांबून म्हणाले, "मगे परत लावन बघूचो धीर नाय झालो."

नळ, इस्त्री, मिक्सर, चिकूखालची खुर्ची, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. त्यांच्या हाताने त्या दिवशी त्यांना बरोबर सांगितलं होतं. त्यांनी हाताचं न ऐकता मुलाचं ऐकलं. चारचौघांत त्यांचा मान राखतोय असं समजून मी त्यांच्याजवळ उरलेली एकच गोष्ट काढून घेतली होती. मी माफी मागितली, पण ती पुटपुटलो, आणि ती त्यांना ऐकू गेली नसणार.

"चालू कर," ते म्हणाले.

मेकॅनिक म्हणाला, दोन मिनिटं चालवायला हरकत नाही. मी चावी फिरवली. बाबा खुर्चीचा आधार घेत उठले, मेकॅनिकच्या पेटीतून सर्वांत लांब स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ट्रॅक्टरपाशी आले. टोक टेकवलं. ते पत्र्यावरून घसरलं, पुन्हा टेकवलं. मूठ कानामागे धरली, डोळे मिटले. मनगट लटपटत होतं. त्यांनी दुसऱ्या हाताने ते धरून पाहिलं, तर तोही हात थरथरत होता. मी यावेळी त्यांच्या शेजारीच उभा होतो आणि ओरडून सांगत होतो, "चालू आहे बाबा! चालू आहे!"

"ता दिसता," ते म्हणाले. त्यांनी डोळे उघडले. "पण इंजिन हलता काय माझो हात हलता, ता आता समजना नाय."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर उलटा करून, मूठ माझ्याकडे येईल असा माझ्या हातात दिला. मग नारळाच्या दोन्ही रांगांवरून एकदा नजर फिरवली.

"बंद कर," म्हणाले. "आणि वाडीला गिऱ्हाईक बघ."