डावीकडे ओढणारी पिकअप

जगात जे काही बिघडतं ते एकतर गाडीत बिघडतं नाहीतर रस्त्यात, माणसात कधीच नाही, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस माझ्या ओळखीत आहे आणि तो नेमका माझा साडू निघाला. राहुरीच्या बाजाराला टोमॅटो न्यायला त्यांच्याकडे एक जुनीपुराणी पिकअप आहे. तिचा मूळ रंग कोणता यावर घरात अजून एकमत नाही. मध्यंतरी ती डावीकडे ओढायला लागली आणि साडूंना जगायला कारण मिळालं. त्यांनी हवा तपासली, पुढचा डावा टायर उजवीकडे आणि उजवा डावीकडे घातला, कुठला ब्रेक चिकटतोय ते बघायला गाडी पळवून आणून चाकांच्या तापलेल्या ड्रमना हात लावला आणि तळहात पोळून घेतला. नगरला नेऊन चाकांची अलाइनमेंट केली. तिथला माणूस "काही दोष नाही" म्हणाला, तर त्यालाच डोळे तपासायला सांगून आले. पुढे कुणीतरी सांगितलं की पाणी वाहून जावं म्हणून रस्ताच दोन्ही कडांना उतरता असतो. झालं! खातरजमा करायला साडूंनी गाडी सरळ उजव्या अंगाने घातली. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्याने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा हे खिडकीतून मान काढून म्हणाले, "थांब रं जरा, तपासनी चाललीय." गाडी तिकडेही डावीकडेच ओढत होती.

आता संशयित एकच उरला, डाव्या सीटवर बसणारी त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आक्का. लग्न झाल्यापासून दोघं बाजाराला जोडीने जातात आणि गाडी फाटकाबाहेर पडल्यापासून राहुरी येईपर्यंत आक्काचं तोंड बंद नसतं. साडूंनी तिला मागे हौद्यात क्रेटांशेजारी बसवलं. गाडी सुतासारखी सरळ गेली. "वजान तुझं हाय," त्यांनी भर बाजारात निकाल दिला. आक्का नुसतं "बरं" म्हणाली आणि त्या दिवसापासून एसटीने जायला लागली. बोलणंही बंद.

गाडीची तक्रार मिटली, पण साडूंकडे बघवेना. टपरीवर सवयीने दोन चहा सांगायचे आणि दुसराही स्वतःच निमूट प्यायचे. शेवटी मला बोलावणं आलं. "पाव्हणं, तुमी तिच्यापेक्षा जड. बसा डावीकडं." आपलं म्हणणं खोटं ठरावं अशी त्यांची इच्छा तोंडावर दिसत होती. माझं पोट आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामाला येत होतं. गाडी ओढली नाही. साडू पुटपुटले, "म्हंजी वजनाचं न्हाई."

मी हळूच म्हणालो, "आक्काची माफी मागून टाका."

"आं?" करून साडू माझ्याकडे वाकले, हातातलं स्टिअरिंगही डावीकडे वळलं आणि पिकअप थेट कालव्याच्या दिशेने निघाली. मी बोंब ठोकली, तेव्हा कुठे ब्रेक लागला.

साडूंनी इंजिन बंद केलं. मग ते म्हणाले, "ऐकू कमी येतंय. लई दिस झालं. ती बोलती त्यातलं आर्धंच कळतं, सगळं कळावं म्हनून वाकतो." आणि लगेच म्हणाले, "तिला सांगू नका. मला ऐकू येईना म्हनल्यावर ती बोलायचीच थांबंल."

मी शब्द दिला आणि घरी येऊन बायकोला सांगितलं. माझा चहा निवायच्या आत ते आक्कापर्यंत पोचलं. पुढच्या बाजाराला आक्का आपणहून डाव्या सीटवर चढली आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी बोलाया लागले की गाडी कडंला घ्यायची. माझं सांगून झालं की मग चालवा."

आता त्या रस्त्याला एखाद्या बाभळीखाली ती पिकअप हमखास उभी असते. बिघडली समजून लोक मदतीला थांबतात. साडू त्यांना हातानेच "जावा" म्हणतात, कारण आक्काचं अजून सांगून झालेलं नसतं. दोघं पोचेपर्यंत कधीकधी बाजार उठलेला असतो.

परवा आम्ही नवरा-बायको आमच्या नव्या गाडीतून त्यांच्या शेजारून गेलो. आमची गाडी कुठेही ओढत नाही, कान आमच्या दोघांचेही शाबूत आहेत. आक्का हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि साडू पार तिच्या खांद्यापर्यंत वाकले होते. मला त्यांचा हेवा वाटला. मी गाडी जराशी हळू केली.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. राहुरी येईपर्यंत आम्ही दुसरं काही बोललो नाही.